सासूबाईंना औषध नाही, नणंदेला सात दिवस: दोघींच्या लघवीत जंतू, मग असं का?

पत्र: डॉक्टर, सप्रेम नमस्कार. आम्ही सांगलीजवळच्या गावात राहतो. माझ्या सासूबाई ७३ वर्षांच्या आहेत. १५ वर्षांपासून मधुमेह आहे, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन चालू आहे. गेल्या वर्षी गुडघा बदलायचं ठरलं तेव्हा ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) ई-कोलाय नावाचा जंतू निघाला, १,००,००० पेक्षा जास्त. त्यांना जळजळ नाही, ताप नाही, काहीच त्रास नाही. तरी ऑपरेशन थांबलं. तेव्हापासून अँटिबायोटिकचे चार कोर्स झाले. कोर्स झाला की कल्चर, आणि कल्चर केलं की पुन्हा जंतू. शेवटच्या कोर्समध्ये लिव्होफ्लोक्सॅसिन होतं, त्यात एका दुपारी त्यांना दरदरून घाम फुटून चक्कर आली, साखर ५८ भरली. आता नव्या रिपोर्टवर ‘ईएसबीएल पॉझिटिव्ह’ असं लिहिलंय. एक डॉक्टर सात दिवस शिरेतून इंजेक्शनं घ्यायला सांगतात. दुसऱ्या डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट पाहिले आणि म्हणाले, काहीही देऊ नका, आणि पुन्हा कल्चरही करू नका.

याच घरात माझी नणंद पाचव्या महिन्यात माहेरपणाला आली आहे. तिच्या कल्चरमध्येही ई-कोलाय, तिलाही त्रास शून्य. पण तिला त्याच दुसऱ्या डॉक्टरांनी लगेच सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. सासूबाई म्हणतात, ‘म्हाताऱ्या माणसाकडे आता कोण बघतंय.’ त्यांची समजूत कशी घालू?

जाता जाता माझंही विचारते. मी ३८ वर्षांची, शाळेत शिक्षिका. वर्षातून तीन-चारदा मला उन्हाळी लागते, लघवीला आग होते. सासूबाईंच्या उरलेल्या गोळ्यांतल्या दोन-तीन घेते, बरं वाटतं. चालेल ना?

उत्तर:

आधी सासूबाईंना हे सांगा की त्यांच्याकडे सगळ्यांत नीट बघितलं ते त्या दुसऱ्या डॉक्टरांनीच. औषध लिहून देणं सोपं असतं. समोर जंतूंचा रिपोर्ट, काळजीत पडलेले घरचे लोक, आणि तरीही ‘काही नको’ म्हणणं याला अभ्यास लागतो आणि थोडं धैर्यही. मी सासूबाईंना तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचा. पण तुम्ही लिहिलंय ते तसंच असेल, तर माझंही मत तेच आहे: ही इंजेक्शनं देऊ नयेत.

लघवीत जंतू असणं आणि लघवीचा संसर्ग होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संसर्ग म्हणजे जंतूंनी त्रास द्यायला सुरुवात केली: लघवी करताना आग, थेंबथेंब पण सारखी लघवी, घाई इतकी की पोचेपर्यंत धीर निघत नाही, ओटीपोटात दुखणं, लघवीत रक्त. जंतू किडनीपर्यंत चढले तर थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत बरगडीखाली दुखणं, उलट्या. यांतलं काहीच नसेल आणि तरी कल्चरमध्ये जंतू वाढले, तर त्याला लक्षणविरहित जंतुमूत्रता म्हणतात. नाव अवघड आहे, प्रकार मात्र फार साधा आणि फार सर्रास आढळणारा आहे. आपापल्या घरात राहणाऱ्या, हिंडत्याफिरत्या सत्तरीपुढच्या बायकांपैकी शंभरात १० ते १६ जणींच्या लघवीत कोणत्याही दिवशी असे जंतू सापडतात. मधुमेह असेल तर प्रमाण आणखी वाढतं. वृद्धाश्रमात किंवा अंथरुणाला खिळलेल्या बायकांत ते २५ ते ५० टक्क्यांपर्यंत जातं. लघवीची नळी महिनाभर आत राहिली, तर जवळजवळ प्रत्येकाच्याच लघवीत जंतू असतात. तेव्हा तुमच्या सासूबाईंच्या वयाच्या, मधुमेह असलेल्या बाईचं कल्चर पॉझिटिव्ह येणं यात नवल काहीच नाही. ती तपासणी मागितली गेली, याचंच मला नवल वाटतं.

रिपोर्टवरच्या त्या १,००,००० आकड्याला एक इतिहास आहे. १९५० च्या दशकात बोस्टनमध्ये एडवर्ड कास या डॉक्टरांनी हा प्रश्न हाती घेतला की लघवी देताना बाहेरच्या त्वचेवरचे जंतू चुकून नमुन्यात येतात, ते कोणते आणि खरोखर मूत्राशयात वाढणारे कोणते, हे ओळखायचं कसं? एका मिलिलिटरमध्ये एक लाखाहून जास्त जंतू असतील तर ते बहुधा आतलेच, असं त्यांनी दाखवलं. म्हणजे तो आकडा जंतू कुठून आले हे सांगतो. त्या माणसाला औषध द्यायचं की नाही, हे तो सांगत नाही. आपल्याकडे मात्र लाखाचा आकडा दिसला की चिठ्ठीवर अँटिबायोटिक, अशी सवयच पडून गेली आहे.

मधुमेह आहे म्हणजे जंतू काढलेच पाहिजेत, ही समजूत डॉक्टरांमध्येही खोल रुजलेली होती. तिची नीट परीक्षा कॅनडात झाली. मधुमेह असलेल्या आणि लघवीत जंतू असूनही त्रास नसलेल्या १०५ बायकांचे दोन गट केले. एकाला अँटिबायोटिक, दुसऱ्याला औषध नसलेली गोळी. तीन वर्षांपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवलं. पुढे लक्षणांसह संसर्ग झाला तो दोन्ही गटांत जवळजवळ सारख्याच बायकांना, औषध घेतलेल्यांत ४२ टक्के आणि न घेतलेल्यांत ४० टक्के. औषधवाल्या गटाच्या पोटात मात्र कितीतरी जास्त दिवस अँटिबायोटिक गेलं. हा अभ्यास २००२ साली छापून आला. अमेरिकेच्या संसर्गरोग तज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वंही स्पष्ट सांगतात की मधुमेही व्यक्ती, वयस्कर व्यक्ती, नळी घातलेले रुग्ण आणि गुडघ्यासारखी, लघवीच्या मार्गाशी संबंध नसलेली शस्त्रक्रिया होणारे रुग्ण, यांच्यात त्रास नसताना कल्चर करू नये आणि केलंच तर त्यावर औषध देऊ नये.

शेवटचं वाक्य सासूबाईंच्या गुडघ्याच्या सर्जनना जरूर दाखवा. लघवीतल्या या जंतूंवर आधी उपचार केल्याने कृत्रिम सांध्यातला संसर्ग टळतो असं दिसलेलं नाही. त्या सांध्याचं रक्षण होतं ते साखर आटोक्यात ठेवल्याने, त्वचेवर आणि पायांवर जखम नसल्याने, आणि ऑपरेशनच्या वेळी दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या अँटिबायोटिकने. एक वर्ष एक बाई दुखऱ्या गुडघ्यावर चालते आहे आणि कारण आहे एक असा रिपोर्ट, जो काढायलाच नको होता. मला याचं फार वाईट वाटतं.

आता जंतू पुन्हापुन्हा का येतात ते बघू. ई-कोलायचं मूळ घर आपलं आतडं. बायकांची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटरची, आणि बाहेरचं तिचं तोंड गुदद्वाराच्या जवळ. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं, योनीमार्गातले संरक्षण करणारे लॅक्टोबॅसिलस जंतू कमी होतात आणि आतड्यातल्या जंतूंना वाट मोकळी होते. गोळ्यांनी मूत्राशय काही आठवडे स्वच्छ होतं. आतडं कधीच स्वच्छ होत नाही, व्हायलाही नको. तिथले जे जंतू त्या औषधाला दाद देत नाहीत ते मागे राहतात आणि पुन्हा वर चढतात. उसात तेच तणनाशक वर्षानुवर्षं मारलं की शेवटी न मरणारं तणच उरतं, हे तुमच्या भागात कुणाला वेगळं सांगायला नको. चार कोर्सनंतर ईएसबीएल आला तो बहुधा असाच.

ईएसबीएल या अक्षरांनी घाबरून जाऊ नका. तो जंतूने बनवलेला एक विकर, म्हणजे एन्झाइम आहे, सेफिक्झिम किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारखी औषधं मोडून टाकणारा. म्हणजे औषध निवडायला कठीण. जंतू जास्त विखारी झाला असा त्याचा अर्थ होत नाही. आपल्याकडे पूर्ण निरोगी माणसांच्या आतड्यातही असे जंतू सापडतात. त्रास न देणाऱ्या ईएसबीएलला औषध द्यायचं नाही, हा नियम साध्या ई-कोलायसारखाच. मेरोपेनेम, अर्टापेनेम ही इंजेक्शनं म्हणजे आपल्या हातातली जवळजवळ शेवटची शस्त्रं. सासूबाईंना उद्या खरोखरच किडनीचा संसर्ग झाला आणि थंडीताप भरला, तर त्या दिवशी ती चालायला हवीत. म्हणून तो रिपोर्ट फेकू नका, फाइलमध्ये सगळ्यांत वर ठेवा. त्या दिवशी डॉक्टरांना कोणतं औषध निवडावं हे त्यावरून चटकन कळेल.

त्या दुपारची चक्कर आणि साखर ५८ ही मला पत्रातली सगळ्यांत गंभीर गोष्ट वाटली. लिव्होफ्लोक्सॅसिन आणि त्या गटातली औषधं साखर एकदम खाली आणू शकतात, आणि सोबत ग्लिमेपिराइड असेल तर धोका वाढतो. वयस्करांत याच गटामुळे टाचेमागची कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) दुखावणं, तुटणं, मनाचा गोंधळ होणं असे त्रासही होतात. सासूबाईंच्या कागदांवर ही घटना ठळक लिहून ठेवा आणि पुढे कोणतंही अँटिबायोटिक घेताना डॉक्टरांना आवर्जून सांगा. जे जंतू त्रास देत नव्हते त्यांच्यासाठी ही जोखीम घेतली गेली. तेव्हा त्या दिवशी साखर मोजायचं तुम्हाला सुचलं, हे फार बरं झालं.

रिपोर्टवर ‘पस सेल्स’ भरपूर असल्या तरी निर्णय बदलत नाही. या वयात जंतूंसोबत पांढऱ्या पेशी असतातच. लघवीला वास येणं, रंग गडद होणं, गढूळ दिसणं ही एवढ्यावरून संसर्गाची खूण ठरत नाही. पाणी कमी पडलं, बी-जीवनसत्त्वाची गोळी घेतली, तरी तसं होतं.

आणखी एक प्रसंग घराघरांत येतो. म्हातारं माणूस एका सकाळी असंबद्ध बोलू लागतं, दिवस-रात्र कळत नाही, तोल जातो. लघवी तपासतात, जंतू निघतात, आणि सगळा दोष लघवीवर जातो. जंतू तर आधीपासूनच होते. ताप नसेल, लघवीची लक्षणं नसतील, तर आधी बाकीचं बघायला हवं: साखर कमी झाली का, सोडियम उतरलं का, चार दिवस शौचाला झालेलं नाही का, झोपेची किंवा सर्दीची नवी गोळी सुरू झाली का, लघवी तुंबली का, पडून डोक्याला मार लागला का. लघवीवर बोट ठेवून थांबलं की खरं कारण निसटतं, आणि कधी ते जिवावर बेततं. सासूबाईंच्या बाबतीत असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, पहिली साखर तपासा.

औषध नको म्हणजे लक्ष नको, असं नाही. मधुमेहात खरा संसर्ग झाला तर तो जोरात येतो आणि किडनीत पसरायला वेळ लागत नाही. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या, लघवी अगदी कमी होणं, ग्लानी, यांतलं काहीही दिसलं तर रात्र घालवू नका, दवाखान्यात न्या. नव्याने आग किंवा घाई सुरू झाली तर दुसऱ्या दिवशी दाखवा, आणि तेव्हा गोळी सुरू करण्याआधी कल्चर द्या. त्या वेळचं कल्चर उपयोगाचं. एक मात्र लक्षात ठेवा: पुढे कधी साखरेसाठी डॅपाग्लिफ्लोझिनसारखी लघवीतून साखर बाहेर टाकणारी गोळी सुरू झाली, तर तिच्यामुळे बाहेरच्या जागी बुरशी होऊन खाज आणि आग होऊ शकते. तिला लोक लघवीचा संसर्ग समजतात आणि अँटिबायोटिकने ती बुरशी उलट वाढते.

आता तुमची नणंद. तिच्या बाबतीत तेच डॉक्टर बरोबर उलटं वागले आणि तेही शंभर टक्के योग्य. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे किडनीपासून मूत्राशयापर्यंतच्या नळ्या सैल पडतात, वाढती गर्भपिशवी त्यांच्यावर दाब देते, उजवीकडे जास्त. लघवी साचून राहते आणि शांत बसलेल्या जंतूंना वर चढायला वाट मिळते. पूर्वी, उपचार होत नसत तेव्हा, अशा शंभर गरोदर बायकांपैकी २० ते ३५ जणींना किडनीचा संसर्ग होत असे. औषध दिल्यावर हे प्रमाण १ ते ४ वर येतं. किडनीचा संसर्ग झाला तर आईची तब्येत गंभीर होऊ शकते, कळा वेळेआधी सुरू होऊ शकतात, बाळाचं वजन कमी भरू शकतं. कास यांनीच गरोदर बायकांत हे तपासून दाखवलं होतं. लक्षण नसतानाही जंतू शोधून काढावेत आणि मारावेत, असा सल्ला फार थोड्या जणांसाठी आहे. त्यांतल्या पहिल्या गरोदर बायका. दुसरे म्हणजे ज्यांच्या लघवीच्या मार्गातच दुर्बीण घालून काही कापायचं, खरवडायचं आहे असे रुग्ण, उदाहरणार्थ दुर्बिणीने प्रोस्टेटचं ऑपरेशन. तिथे जंतू थेट रक्तात जाऊ शकतात, म्हणून आधी औषध.

नणंदेला सांगा, सातही दिवस पुरे करायचे. जागतिक आरोग्य संघटनेनेही गरोदरपणातल्या या अवस्थेसाठी सात दिवसांचाच कोर्स सुचवला आहे. बरं वाटण्या-न वाटण्याचा इथे प्रश्नच नाही, कारण तिला वाईट वाटतच नव्हतं, आणि नेमक्या याच कारणाने पुष्कळ मुली तिसऱ्या दिवशी गोळ्या सोडून देतात. कोर्सनंतर आठवडा-दोन आठवड्यांनी तिचं कल्चर पुन्हा करायचं, कारण काही जणींत जंतू परततात. तिला कोणती गोळी दिली हे तुम्ही लिहिलेलं नाही. नायट्रोफ्युरँटॉइन असेल तर लघवी गडद पिवळी-तपकिरी होईल, घाबरू नका, आणि गोळी जेवणासोबत घ्या. ही गोळी बाळंतपणाच्या अगदी जवळच्या दिवसांत टाळतात. पाचव्या महिन्यात अडचण नाही. कल्चरमध्ये ई-कोलायऐवजी कधी ‘ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस’ निघाला, तर ती नोंद बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरांना दाखवावीच लागते, त्या वेळी वेगळं इंजेक्शन द्यावं लागतं. वाचणाऱ्या इतर घरांसाठी: खासगी तपासणी परवडत नसेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. लघवीची साधी तपासणी तिथे होते, कल्चरबद्दल तिथेच विचारा, कारण साध्या तपासणीत हे जंतू पुष्कळदा निसटतात.

सासूबाईंना समजावताना हेच सांगा: आईपेक्षा लेकीला जास्त जपलं, किंवा तरुणीला जपलं आणि म्हातारीला सोडलं, असं काही झालेलं नाही. एकीला औषधाने फायदा आहे, दुसरीला औषधाने तोटा आहे. आणि त्यांना एक ऐकायला नक्की आवडेल. स्वीडनमध्ये एका मुलीच्या मूत्राशयात ई-कोलायचा एक प्रकार तीन वर्षं काहीही त्रास न देता राहिला होता. संशोधकांनी पुढे तोच जंतू, पुन्हापुन्हा संसर्ग होणाऱ्या रुग्णांच्या मूत्राशयात मुद्दाम सोडून बघितला, कारण असा गरीब जंतू जागा अडवून बसला की उपद्रवी जंतूंना शिरकाव करणं कठीण जातं. इटलीतही पुन्हापुन्हा संसर्ग होणाऱ्या तरुण बायकांवर एक अभ्यास झाला, २०१२ साली प्रसिद्ध झाला. लक्षणं नसताना ज्यांचे जंतू औषधाने काढले त्यांना पुढे खरा संसर्ग जास्त वेळा झाला. सासूबाईंच्या मूत्राशयातले जंतू कदाचित त्यांची राखणच करत असतील.

आता तुम्ही. तुमचं पत्र तुम्ही सासूबाईंसाठी आणि नणंदेसाठी लिहिलंत, स्वतःचं ‘जाता जाता’. पण या तिघींमध्ये लघवीचा खरा त्रास असलेल्या तुम्ही एकट्याच आहात.

सासूबाईंच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका. दोन-तीन गोळ्यांनी आग थांबते, जंतू पुरते मरत नाहीत, आणि सासूबाईंच्या बाबतीत जे झालं त्याची सुरुवात तुमच्या शरीरात होते. शिवाय लिव्होफ्लोक्सॅसिन, सिप्रोफ्लोक्सॅसिन यांना आपल्याकडचे ई-कोलाय फारसे जुमानतच नाहीत आता. मेडिकलवाल्याला विचारून आणलेल्या गोळ्यांचंही तेच. लिव्होफ्लोक्सॅसिन, सेफिक्झिमसारखी औषधं २०१४ पासून एच-वन या यादीत आहेत, चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत आणि दुकानदाराला नोंदवही ठेवावी लागते. नियम कागदावर राहिला तर नुकसान आपलं.

मूत्राशयापुरत्या साध्या संसर्गासाठी आपल्याकडे अजूनही चांगली चालणारी जुनी औषधं आहेत. नायट्रोफ्युरँटॉइन साधारण पाच दिवस, किंवा फॉस्फोमायसिनची तीन ग्रॅमची पुडी एकदाच पाण्यातून. पहिलं औषध किडनी बरीच कमजोर असेल तर देत नाहीत, आणि ताप किंवा कुशीत दुखत असेल तर ही दोन्ही अपुरी पडतात. म्हणूनच ठरवायचं डॉक्टरांनी. लघवी अल्कधर्मी करणारं सिरप आग कमी करतं, जंतू मारत नाही. नायट्रोफ्युरँटॉइनला आम्लधर्मी लघवी मानवते, तेव्हा दोन्ही एकत्र सुरू करण्याआधी विचारा. धण्याचं पाणी, वाळ्याचं पाणी, बार्ली यांनी थंडावा वाटतो, पोटात पाणी जातं, ते चांगलंच आहे. त्यावर दोन-तीन दिवस काढून ताप भरेपर्यंत थांबू नका, इतकंच.

वर्षात तीन किंवा सहा महिन्यांत दोन वेळा संसर्ग झाला तर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात. तुम्ही त्यात बसता. पण आधी हे संसर्गच आहेत का, हे कळायला हवं. आगीबरोबर खाज आणि पांढरा स्राव असेल तर ती बहुधा योनीमार्गातली बुरशी असते, औषध पूर्ण वेगळं. म्हणून पुढच्या वेळी आग सुरू झाली की गोळीआधी कल्चर द्या. नमुना देण्याची पद्धत कुणी नीट समजावत नाही, म्हणून लिहिते. हात धुवा, बाहेरची जागा साध्या पाण्याने धुवा, जंतुनाशक लावू नका. पहिली धार जाऊ द्या, मधली धार लॅबने दिलेल्या निर्जंतुक डबीत घ्या, डबीच्या काठाला आत बोट लावू नका. औषधाची रिकामी बाटली चालत नाही. आणि नमुना दोन तासांत लॅबमध्ये पोचला पाहिजे, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा. अनुकूल उबेत ई-कोलाय वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतो. एप्रिलच्या सांगलीत सातला घेतलेली डबी टेबलावर राहून अकराला लॅबमध्ये पोचली, तर हजाराचे लाख व्हायला काय वेळ लागतो? रिपोर्टवर तीन-तीन प्रकारचे जंतू एकत्र लिहिले असतील तर तो नमुना बहुधा बाहेरच्या जंतूंनी खराब झालेला असतो, त्यावर औषध न घेता पुन्हा नमुना द्यायचा. त्रास पूर्ण गेल्यावर ‘जंतू गेले का’ हे बघायला परत कल्चर मात्र करू नका. गरोदर नसलेल्या बाईला त्याची गरज नसते, आणि सासूबाईंच्या त्या चक्राची सुरुवात नेमकी तिथूनच होते.

पाण्याचं विचारते. शाळेत तुम्ही पाणी पिता का? तुमच्या कामात असलेल्या कितीतरी जणी सकाळी घरून निघाल्या की परत येईपर्यंत घोटभरही पीत नाहीत, कारण शाळेतल्या संडासाला कडी नसते किंवा पाणी नसतं. एका अभ्यासात, वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पाणी-पेयं घेणाऱ्या १४० बायकांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांच्या संसर्गाच्या खेपा जवळजवळ निम्म्यावर आल्या. इतका स्वस्त आणि इतका निर्धोक उपाय दुसरा नाही. पण पाणी प्या म्हणायचं आणि जायला जागा द्यायची नाही, हे बायकांवर अन्यायाचं आहे. मुंबईत २०११ पासून बायकांनी ‘राइट टू पी’ म्हणून चळवळ चालवली ती याचसाठी. तुम्ही शिक्षिका आहात. तुमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीपुढे स्वच्छतागृहाची कडी, पाणी आणि दिवा हा विषय मांडा, तुमच्यासाठी आणि वर्गातल्या मुलींसाठीही, कारण त्याही दिवसभर दाबून ठेवत असतील.

संबंधांनंतर लघवीला जाऊन यायला काही खर्च नाही, ती सवय ठेवा. शुक्राणूनाशक क्रीम वापरत असाल तर त्याने संसर्ग वाढतात, दुसरं साधन बघा. क्रॅनबेरीने काही बायकांना खेपा कमी होतात, पण ती महाग आहे आणि साखर घातलेला रस तर टाळाच. सासूबाईंना पुढे कधी लक्षणांसह वारंवार संसर्ग झाले, तर या वयात योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेन क्रीम चांगला उपयोग करतं, त्याबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारता येईल.

तुमची साखर, रक्तदाब आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) एकदा बघून घ्या, घरात मधुमेह आहे म्हणून नव्हे, तर वारंवार संसर्ग होतोय म्हणून. सोनोग्राफी प्रत्येकीला लागत नाही. पण खडा झाल्याची शंका असेल, ताप येत असेल, उपचार होऊनही तोच जंतू दोन आठवड्यांत परत येत असेल, किंवा संसर्ग बरा झाल्यावरही लघवीत रक्त दिसत असेल, तर ती करून घ्या आणि युरॉलॉजिस्टना दाखवा. पुढच्या वेळी आग सुरू होईल त्या दिवशी शाळेतून अर्धी रजा काढा. कल्चरची निर्जंतुक डबी आजच लॅबमधून आणून घरात ठेवा.